खोलीबाहेर नेलेलं बोलणं

१२ जानेवारी

बारके,

तुझा राजीनामा मंजूर झाला. आज सकाळी मेट्रनबाईंनी मला बोलावून स्वतः सांगितलं. म्हणाल्या, "सही करताना हात जड झाला हो. तुम्हाला तर आधीच बोलली असेल ती." मी मान हलवली. तू राजीनामा दिलास हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सख्खी बहीण, एका इमारतीत नोकरी, आणि बातमी मेट्रनच्या टेबलासमोर उभं राहून कळली.

तू आईकडे पोचलीस हेही आईच्या फोनवरून समजलं. माझा फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, पडून राहिलं तरी चालतं.

मला एवढंच सांगायचं आहे की सभागृहात मी तुझं नाव घेतलं नाही. निवांत खोलीला, जिथे आपल्यातलं कुणीही येऊन माझ्यापाशी मन मोकळं करतं त्या खोलीला, वर्ष झालं म्हणून कार्यक्रम होता, दुसऱ्या रुग्णालयांचे लोक आले होते. मेट्रनबाई म्हणाल्या, नुसतं काय काय केलं ते वाचू नका, एखादं उदाहरण द्या, लोकांना पटलं पाहिजे की नर्सच्या मनालाही कुणी विचारायला हवं. मी उदाहरण दिलं. वॉर्ड बदलला. आजार बदलला. पुरुष पेशंटची बाई केली. हेतू चांगला होता हे तू तरी मान्य करशील.

शिवणखोलीतल्या बाई तिथे असतील याची मला कल्पना नव्हती. त्या मागाहून केव्हातरी येऊन बसल्या असाव्यात. त्यांचे यजमान तुझ्याच वॉर्डात गेले आणि शेवटचं सगळं तूच केलंस, हे ध्यानात असतं तर मी दुसरं उदाहरण घेतलं असतं.

तब्येतीला जप. तुझा निळा स्वेटर माझ्याकडे राहिला आहे, पाठवते.

तुझी ताई


१९ जानेवारी

बारके,

स्वेटर मिळाल्याचं आई म्हणाली. घातलास का, विचारलं तर म्हणाली, "खुंटीवर आहे."

मागच्या पत्रात मी 'हेतू चांगला होता' असं लिहिलं. पेटीत टाकल्यावर मला ते वाक्य दिवसभर ऐकू येत राहिलं. रात्रपाळीला डोळा लागलेल्या मुली पकडल्या की असंच बोलतात. "सिस्टर, मी डोळे मिटून विचार करत होते."

तर नीट सांगते. मी काय बोलले ते तुला लोकांकडून कळलं. ते माझ्याकडून कळायला हवं होतं.

नाव बदललं, वॉर्ड बदलला, आणि एक गोष्ट तशीच ठेवली. गेलेल्या माणसाला पुसताना तू त्याच्याशी बोलतेस, ती. "काका, आता डावा हात उचलते हं. पाणी कोमट आहे. झालं, झालंच आता." आम्ही बाकीच्या तोंड मिटून उरकतो, कारण खाली शववाहिका थांबलेली असते आणि वर पलंग हवा असतो. सगळ्या रुग्णालयात बोलणारी तू एकटी. नवीन मुली पहिल्यांदा हसायच्या, मग घाबरायच्या, आणि मग त्याही कोमट पाणी घ्यायला लागल्या. हे इथल्या लिफ्टवाल्यालाही माहीत आहे. मी दारावरची पाटी काढली आणि घर जसंच्या तसं ठेवलं. पहिल्याच वाक्याला सभागृहाने तुला ओळखलं असणार.

तेवढं तरी का ठेवलं? कारण ते काढलं की गोष्ट बेचव होत होती. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली होती.

आणि मी तुझा आवाज काढला. 'हं' लांबवतेस ना तू, तसा लांबवला. लोक हसले. मला वाटलं, बरं झालं, आधी हसवलं म्हणजे पुढचं लागेल. मग मी, काकांच्या जागी काकू घालून, पुढचं वाक्य सांगितलं, जे तू मला खोलीत, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून सांगितलं होतंस. "सुटलात काका. आणि खरं सांगू? मीपण सुटले."

सभागृह एकदम गप्प झालं. लिहायला लाज वाटते, पण मला ती शांतता आवडली. वीस-बावीस वर्षं नोकरी केली, माझं बोलणं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

निवांत खोलीत आता कुणी येत नाही. दारावर मी माझ्या हाताने पुठ्ठा लावला होता, 'इथे बोललेलं इथेच राहील.' त्याच्याखाली कुणीतरी पेनने लिहिलंय, 'आणि सभागृहात.' अक्षर ओळखीचं आहे. मी पुठ्ठा काढला नाही.

परवा वॉर्डातले शिपाईमामा आले. मी घाईघाईने खुर्ची पुढे केली, म्हटलं, बसा मामा, बोला. ते म्हणाले, "बोलायचं काय त्यात? आमच्या खोलीतला दिवा गेलाय. इथे डबा खाऊ का?" खाल्ला. जाताना टेबल पुसून गेले. आठवड्यात तेवढेच एक आले.

ताई


२ फेब्रुवारी

बारके,

आईला काल विचारलं, पत्रं वाचते का ती? आई म्हणाली, "पोचतात. फाडत नाही, एवढं सांगते. तुमच्या भांडणात मला टपालखात्यात नोकरीला लावू नका."

फाडत नाहीस म्हणजे कधीतरी वाचशील. म्हणून पहिल्या पत्रातली खोटी गोष्ट दुरुस्त करते.

शिवणखोलीतल्या बाई मागाहून आल्या नव्हत्या. मी बोलायला उठले तेव्हा त्या तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या मला दिसल्या. स्टेजचे पडदे त्यांनीच शिवले होते म्हणून मेट्रनबाईंनी त्यांना मुद्दाम बसवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मला ओळखीचं हसून दाखवलं. आणि माझ्या मनात आलं, अगदी या शब्दांत आलं, 'पुरुषाची बाई केली आहे, नाही कळायचं.' मग मी माइक जवळ ओढला.

त्यांना कधी कळलं तेही मी पाहिलं. 'डावा हात उचलते हं' म्हटलं तेव्हा लोक हसत होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची पिशवी पोटाशी धरली. मला थांबता आलं असतं. दुसऱ्या कुणाचं काहीतरी जोडून गोष्ट वळवता आली असती, इतकी वर्षं वॉर्डात काढली आहेत, सुचलं असतं. मी पुढचं वाक्य बोलले.

एवढ्यावरही संपत नाही. तू खोलीत सांगितलेलं तेवढंच नव्हतं. 'मीपण सुटले' नंतर तू त्या काकांना आणखी काही म्हणालीस. बराच वेळ म्हणालीस. ते सांगताना तू रडलीस, त्याआधी नव्हतीस रडली. मी ते भाषणातून काढलं. विसरले नव्हते. मुद्दाम काढलं. थकलेल्या नर्सचं मन कसं कोरडं पडतं, हा माझा विषय होता. तुझं पुढचं बोलणं कोरडं नव्हतं, त्यामुळे विषयात बसत नव्हतं. म्हणून जिचा नवरा गेला तिच्या कानावर फक्त एवढंच पडलं, की त्याला पुसणारी नर्स त्याच्या मरणाने सुटली.

तो माणूस सोपा नव्हता. दुखण्याने चिडला होता. पाण्याचं भांडं फेकायचा, एकदा तुझं मनगट पिरगळलं. बाकीच्या जणी त्याच्या पलंगाची पाळी बदलून घ्यायच्या, आणि बदललेल्या सगळ्या पाळ्या तुझ्या पदरात यायच्या. त्या बदलून देणारी मीच होते, इनचार्ज मीच. तू तक्रार केली नाहीस म्हणून मी समजले की तुला जमतंय.

आणि तू खोलीत आलीस तेव्हा विचारलंस, "ताई, मला पाप लागेल का गं?" मी प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य काढलं. "तुला स्वतःला काय वाटतं?" तू म्हणालीस, "मला काही वाटत असतं तर तुला विचारायला कशाला आले असते?" आपण दोघी हसलो. हसण्यावारी गेलं, उत्तर राहिलं. तुला सल्ला नको होता. एक माणूस हवा होता, जो म्हणेल, नाही गं, नाही लागत. मला ते म्हणायला इतकं सोपं असताना मी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायचं नाही असं शिकवलं होतं. आज म्हणते. नाही लागत. माझ्या तोंडून याला आता काय किंमत उरली आहे ते तू ठरव.

कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनी मला त्यांच्याकडेही अशा खोल्या सुरू करायला बोलावलं आहे. पत्र टेबलावर आहे. 'आपल्या हृदयस्पर्शी भाषणाने', असं सुरू होतं.

ताई


९ फेब्रुवारी

बारके,

आज शिवणखोलीतल्या बाई निवांत खोलीत आल्या.

दुपारी एकटी बसले होते. दार दोनदा वाजलं. हातात सुई, रीळ आणि कात्री. म्हणाल्या, "सिस्टर, इथला पडदा उसवलाय म्हणे."

पडदा उसवला नव्हता. मी म्हटलं, "हो, उसवलाय."

त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, पडद्याची खालची दुमड उलटी केली आणि स्वतःच शिवलेली शिवण कात्रीच्या टोकाने उसवायला लागल्या. हातभर उसवली. मग सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.

"तुमची बहीण पुसताना बोलते, हे मला आधीपासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच माहीत आहे. यांच्याशी काय बोलली असेल, ते मी मनातल्या मनात लावून बघायचे. विचारायचा धीर होत नव्हता. म्हटलं, येईल एक दिवस गाऊनचे बंद लावून घ्यायला, दोघीच असू, तेव्हा विचारीन. आणि तुम्ही ते माइकवर सांगून टाकलंत."

"बाई, माझं चुकलं," मी म्हटलं. इतकं बारीक वाक्य आहे हे.

"ते चुकलंच. त्यासाठी नाही आले मी." टाका ओढला. "तिला वाटत असेल मी तिच्यावर रागावले. म्हणून गेली ना ती? अहो, जिन्यात मला बघून परत फिरायची. मला मेलीला कळलं नाही, मला वाटलं घाईत आहे. मी कशाला रागावू? मी नाही का सुटले? जेवायच्या सुट्टीत तीन मजले उतरून यायचे, शिव्या खायचे आणि वर जाऊन दुसऱ्यांच्या चादरी शिवायचे. ते गेले त्या रात्री मी पहिल्यांदा पाय पसरून झोपले. सकाळी उठून स्वतःचीच शरम वाटली. हे मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही. तुमच्या बहिणीला सांगितलं असतं."

मी नुसतं ऐकलं. एवढं तरी आता मला जमतं.

मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "पुढे काय म्हणाली ती यांना?"

"पुढे?"

"तेवढ्यावर थांबणारी नाही ती. चादर न्यायला यायची तर मला दहा गोष्टी सांगून जायची. माणसाला सुटलात म्हणेल आणि गप्प बसेल, असं व्हायचं नाही. पुढे काय म्हणाली?"

बारके, ते माझ्या जिभेवर होतं. शब्दन् शब्द. सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा तिथल्या तिथे हलका झाला असता. माझाही झाला असता, ते जास्त खरं. माझ्या हातून झालेलं निस्तरायला इतकी चांगली संधी समोर बसून टाके घालत होती.

मी म्हटलं, "म्हणाली. पुढे बरंच म्हणाली. पण ते मी सांगणार नाही. ते तिने मला या खोलीत सांगितलं होतं."

त्यांनी सुई थांबवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता आठवला होय पुठ्ठा?"

"आता आठवला."

"महाग पडला हो आम्हाला तुमचा पुठ्ठा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं. मग तिचा पत्ता द्या."

"तिला विचारून देते."

मला वाटलं, आता संतापतील. त्या हसल्या. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यातून. "विचारा बाई, विचारा. नाही म्हणाली तर तसं सांगा. मला गोड करून सांगू नका." शिवण अर्ध्यावर होती. त्यांनी सुई पडद्यातच अडकवली. "सुई इथेच राहू दे, टोचून घेऊ नका. परत येईन तेव्हा पुरी करीन."

तर मी विचारते. त्यांना तुझ्याकडे यायचं आहे. हो म्हण किंवा नाही म्हण. मला लिहायचं नसेल तर आईला सांग. तू काय म्हणाली होतीस ते मी या कागदावरही लिहिलेलं नाही. ते तुझ्याचकडे आहे. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, आणि नाही वाटलं तर त्याही समजतील. त्यांना समजतं.

ताई


१४ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर मिळालं. आईने सकाळी फोनवर सांगितलं. "बाईंना येऊ दे. ताईने येऊ नये." मग आई स्वतःचं म्हणाली, "मला मध्ये बोलायचं नाही. पण तुझी आठवी-नववीतली खोड आहे ही, हिच्या गोष्टी बाहेर सांगून हसवायचं. मी तेव्हाच कान धरायला हवा होता." मी म्हटलं, हो. आई गडबडली. मी इतक्या पटकन हो म्हणेन असं तिला वाटलं नव्हतं.

मी येणार नाही.

इथलं सांगते. काल सगळ्या स्टाफची मीटिंग झाली, त्याच सभागृहात. विषय पाळ्यांचा होता. शेवटी मी उभी राहिले आणि म्हटलं, गेल्या महिन्यात मी इथे जी गोष्ट सांगितली ती माझी नव्हती. ती निवांत खोलीत विश्वासाने सांगितलेली होती, मी ती बाहेर आणली, अर्धी आणली, आणि त्यामुळे आपली एक चांगली नर्स गेली. तुझं नाव याही वेळी घेतलं नाही, पण या वेळी लपवायला म्हणून नाही. गोष्ट पुन्हा सांगितली नाही. मेट्रनबाई पेनचं टोपण लावत-काढत राहिल्या. टाळ्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, लोक ड्युटीवर गेले. पुठ्ठ्यावर लिहिणारी मुलगी दारात थांबली होती. मला वाटलं काही बोलेल. तिने फक्त दार धरून ठेवलं, मी बाहेर पडेपर्यंत.

त्या पाहुण्यांना नकार कळवला आहे. निवांत खोलीची किल्ली अपघात विभागातल्या म्हाताऱ्या ब्रदरना दिली. त्यांना मी समजावत होते की इथे सल्ला द्यायचा नसतो, नुसतं ऐकायचं असतं. ते म्हणाले, "सिस्टर, मला डाव्या कानाने कमी येतं. लोकांना सांगा, उजवीकडे बसून रडा." मग किल्ली खिशात टाकून म्हणाले, "पहिलं कोण येतंय?" मी म्हटलं, मी. सोमवारी, सकाळची पाळी संपली की. ते म्हणाले, "या. पण भाषण नको." त्या खोलीत मी वर्षभर एकाच खुर्चीवर बसले. समोरच्या खुर्चीवरून भिंत कशी दिसते तेही मला माहीत नाही. सोमवारी कळेल.

तुझी जागा अजून भरलेली नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "तिला कळवून ठेवा." मी म्हटलं, तुम्हीच कळवा. हे तुला परत बोलावणं नाही, फक्त बातमी म्हणून लिहिलं. तुझ्या वॉर्डात परवा एक आजी गेल्या. नवीन मुलीने कोमट पाणी घेतलं. ती बोलली नाही काही, पण पुसताना तिचे ओठ हलत होते.

बाईंनी उद्याची रजा टाकली आहे. पत्ता मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला. हे पत्र उद्या त्यांच्याच हाती देणार आहे, पाकीट चिकटवून. आज तसं सांगितलं, तर त्यांनी कोरं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "यात माझं काही आहे का?" मी म्हटलं, ते आधीच गेलंय, तुम्ही जे बोललात ते मागच्या पत्रात मी लिहून पाठवलं, तुम्हाला न विचारता. हे बोलेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिलाच ना? मग चालेल. पण पुढच्या वेळी आधी विचारा." बघ, अजून शिकतेच आहे. त्यांनी मला 'पुढच्या वेळी' म्हटलं, याचं काय करावं ते मला कळत नाही.

सकाळच्या बसला मी त्यांना बसवून देईन आणि स्टँडवरून परत फिरेन. बस दुपारी तिथे पोचते. चौकातून आईच्या घरापर्यंत त्या विचारत विचारत येतील, गुडघे दुखतात म्हणून हळू येतील. दार दोनदा वाजेल. त्या एकट्याच असतील.

ताई